झाडावर कोण बसले आहे?

सुरतेत थंडी पडली, हे दोन गोष्टींवरून कळते. एक, ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांचा पोंक भाजल्याचा वास तापीच्या काठाने दरवळू लागतो. आणि दुसरी, भल्या पहाटे नीरेच्या विक्रीकेंद्रापुढे माणसांची रांग उभी राहते. ऊन चढले की नीरा आंबते, आंबली की तिची ताडी होते, आणि गुजरात हे दारूबंदीचे राज्य आहे. म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी पेला रिकामा करायचा, असा तेथला रिवाज. पेला ओठाला लावणाऱ्याच्या मनात मात्र, ही नीरा झाडावरून कोणी उतरविली आणि तो झाडावर चढला कसा, हा विचार क्वचितच येतो.

तो चढला एका दोराच्या भरवशावर. शिंदीच्या, म्हणजे रानखजुरीच्या, खोडाभोवती आणि स्वतःच्या कमरेभोवती मिळून एकच वेढा घालून तो माणूस पाय खोडाला टेकतो आणि अंग मागे झुकवतो. अंग मागे गेले की दोर ताणतो, दोर ताणला की पाय खोडावर घट्ट दाबले जातात. पुढे झुकून दोर थोडा सैल करायचा, हाताने वर सरकवायचा, पुन्हा मागे रेलायचे आणि दोन पावले वर चढायचे. शेंड्याजवळ पोचल्यावर तो त्याच दोरावर रेलून राहतो. दोन्ही हात मोकळे होतात. एका हाताने कोयता चालतो, दुसऱ्याने मडके बांधले जाते. पुस्तकात न वाचलेले घर्षणाचे शास्त्र हा माणूस रोज संध्याकाळी आणि रोज पहाटे आचरणात आणीत असतो.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय नीरा नाही. झाडावर दोराने चढून तेथे तासन् तास बसण्याची जी विद्या आहे, तिचा माणसाने कशाकशासाठी उपयोग केला, आणि आज तिचा उपयोग कशासाठी व्हावा, हा विषय आहे. कारण ज्या युक्तीने आपल्याकडे नीरा उतरते, तिच्याच सुधारलेल्या रूपाने अमेरिकेत हरणांची शिकार चालते.

तिकडचे शिकारी ज्या साधनाला झाडावरचे खोगीर म्हणतात, ते दिसायला अगदीच साधे असते. कमरेखाली मांडीपर्यंत येणारा मजबूत विणीचा रुंद पट्टा, आणि त्याला जोडलेले दोन दोर. पहिला दोर आपल्या नीरावाल्याच्या दोरासारखाच खोडाभोवती वेढा घालून चढताना वापरायचा. दुसरा दोर बसण्याच्या जागी पोचल्यावर, साधारण डोक्याच्या उंचीवर, खोडाला बांधायचा आणि त्याला टांगून घ्यायचे. सगळ्या पट्ट्याचे वजन किलोच्या आसपास भरते. शिकारी तो अंगावरच घालून रानात शिरतो, मनाला येईल ते झाड निवडतो आणि काम झाले की सर्व गुंडाळून परततो. झाडावर मागे काही राहत नाही.

या दोरांवर एक विशेष गाठ असते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती 1931 साली प्रसिद्ध केली, आणि सह्याद्रीतले कडे चढणारे आपले तरुणही ती त्याच्याच नावाने ओळखतात. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीन वेळा गुंडाळला की ती गाठ तयार होते. तिच्यावर भार आला की ती दोराला आवळून धरते. भार काढला की बोटाने सुद्धा वर सरकते. ज्या झाडाला खालपर्यंत फांदी नाही अशा झाडावर चढायचे असेल, तर आधी बारीक दोरीला वजन बांधून ती वरच्या भक्कम बेचक्यातून पार फेकतात. तिच्यामागून जाड दोर ओढून घेतात आणि तो पक्का करतात. मग त्या दोरावर अशा दोन गाठी मारायच्या, एक कमरेच्या पट्ट्याला आणि एक पायाच्या फासाला. पायावर उभे राहून कमरेची गाठ वर सरकवायची; तीवर बसून पायाची गाठ वर घ्यायची. सुरवंट जसा अंग आखडीत व पसरीत डहाळीवर चढतो, तसा माणूस चढत जातो. उतरताना दोर एका धातूच्या कडीतून वळवून घेतात. त्या वळणावरचे घर्षण वेग आवरते आणि माणूस हळूहळू खाली येतो.

एवढा खटाटोप हरणासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हरणाच्या देहरचनेत आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. संधिप्रकाशातही त्याची नजर चालते. तांबडा रंग त्याला नीट ओळखता येत नाही, परंतु हालचाल मात्र ते तत्काळ टिपते. कान तर दोन बाजूंना स्वतंत्रपणे वळतात. या सर्वांपेक्षा तीक्ष्ण असते ते त्याचे नाक. माणसाचा वास वाऱ्याबरोबर त्याच्यापर्यंत पोचला की मग लपण्यात काही अर्थ उरत नाही. पिढ्यान् पिढ्या हरणाचा शत्रू जमिनीवरून आला आहे, म्हणून त्याचे लक्षही बहुधा जमिनीकडेच असते. पंधरा-वीस फूट उंचीवर बसलेल्या माणसाचा वास पुष्कळदा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. सकाळी जमीन तापू लागली की हवा उताराने वर चढते आणि सांजवेळी गारवा आला की ती दरीकडे उतरते, हेही शिकारी ध्यानात ठेवतो आणि त्याप्रमाणे झाड निवडतो. टांगलेल्या माणसाचे तोंड खोडाकडे असते; हरीण ज्या बाजूने येईल तिच्या उलट बाजूला तो खोडाआड सरकतो. तिरकमठ्याचा नेम खात्रीने लागावा असे अंतर वीस-तीस यार्डांचेच. म्हणून एवढी जवळीक साधावी लागते.

आपल्याकडचे मचाण हे याच विद्येचे जुने आणि अवजड रूप. बांबू किंवा बल्ल्या बांधायच्या, वर खाट अथवा फळ्या टाकायच्या, पालापाचोळ्याचा आडोसा करायचा. त्याला माणसे लागत, आवाज होई, आणि एकदा बांधले की ते एकाच झाडाला जखडून राही. जनावराने वाट बदलली की मचाण व्यर्थ. तरीही उन्हाळ्यातल्या आटलेल्या पाणवठ्यावर ते फार घातक ठरे, कारण तहानलेल्या जिवाला तेथे आल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच पाण्यावर आलेल्या जनावरावर गोळी झाडणे जाणत्या शिकाऱ्यांतही कमीपणाचे समजले जाई.

सुरतेच्या माणसाला हे अरण्य काही दूरचे नाही. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी व्यारा, सोनगड मागे टाकीत नवापूरला महाराष्ट्रात शिरते. उधना आणि लिंबायत या भागांत वसलेली खानदेशी मराठी कुटुंबे याच वाटेने गावी जातात व येतात. या वाटेच्या दक्षिणेला डांगचे सागवानी रान आहे. 1842 साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून हे रान पट्ट्याने घेतले ते लाकडासाठी. जहाजबांधणीला सागासारखे लाकूड नाही, आणि मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणारे वाडिया घराणे मूळचे सुरतेचेच. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस गेले. पट्ट्याच्या मोबदल्याची ती प्रथा पुढेही चालू राहिली आणि आजही होळीच्या आधी आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात त्या राजांच्या वंशजांना मानधन दिले जाते. गावाच्या शिवेवर वाघदेवाची पूजा करणाऱ्या या मुलखातला खरा वाघ मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहीसा झाला.

वाघ नाहीसा होण्याआधी त्याचे भक्ष्य विरळ झाले होते. चितळ, सांबर, भेकर, चौशिंगा ही या रानातली खुरांची प्रजा. बंदूक आणि मचाण यांनी तिच्यावर घाला घातला, कुऱ्हाडीने तिचा आसरा तोडला, गुरांनी तिचा चारा खाल्ला. 1972 साली तापीवर उकाईचे धरण पुरे झाले. त्याने सुरतेच्या मुलखाला पाणी आणि वीज दिली, पण काठची गावे आणि रानही पोटात घेतले. योगायोग असा की, त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यात प्रारंभी काही शिकारीचे परवाने शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही गेले. वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान 1979 साली आणि पूर्णा अभयारण्य 1990 साली घोषित झाले. आज डांगमध्ये किंवा मेळघाटात कोणी ते हलके खोगीर घेऊन हरणासाठी झाडावर बसला, तर त्याचे कौशल्य कितीही मोठे असो, तो गुन्हेगार ठरेल. आणि तसा तो ठरावा हेच योग्य आहे.

मग अमेरिकेत तेच कृत्य कायदेशीर कसे? तेथील लोक निर्दय आणि आपण दयाळू, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तेथेही एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी अमाप शिकार झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीचे हरीण काही लाखांवर आले होते. पुढे कडक नियम झाले, हंगाम ठरले, आणि 1937 च्या एका कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे पैसे वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविले. हरणे वाढली, परंतु त्यांना आवरणारा लांडगा बहुतेक प्रदेशांतून माणसाने आधीच संपविला होता. आज ती हरणे सुमारे तीन कोटी आहेत असे मानले जाते. ती शेते खातात, रानातली कोवळी रोपे उगवू देत नाहीत आणि रस्त्यावर मोटारींपुढे येतात. लांडग्याची जागा तेथे परवानाधारक शिकाऱ्याला दिलेली आहे, आणि किती मारायची हे सरकार ठरवते.

आपल्या मुलखात याच्या अगदी उलट स्थिती आहे. सुरत जिल्ह्यात शिकारी प्राणी आहे, पण रानातले भक्ष्य अपुरे आहे. मांडवी, महुवा, बारडोली या बाजूला उसाचे मळे पसरले आहेत आणि त्या उसात बिबटे राहतात. उसातच मादी पिल्ले घालते. भूक लागली की तो बिबट्या गावातली कुत्री, शेळ्या, वासरे यांच्याकडे वळतो. आणि कधीमधी, ऊसतोडणीच्या वेळी किंवा अंगणात झोपलेल्या लेकराच्या रूपाने, माणूसही त्याच्या वाटेत येतो. त्यामुळे डांगच्या रानात एक हरीण वाढणे हा केवळ भूतदयेचा प्रश्न नाही. ते हरीण वाढले तर उसाच्या कडेच्या झोपडीतल्या पोराची रात्र थोडी अधिक सुरक्षित होणार आहे.

आता, झाडावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्या माणसाची सर्वांत जुनी गोष्ट मराठी माणसाला कोणी नव्याने सांगायला नको. महाशिवरात्रीला ती घरोघर वाचली जाते. श्रीधरांनी शिवलीलामृतात ती सांगितली आहे. व्याध तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढतो. नजरेआड येणारी पाने तो खुडून खाली टाकतो आणि ती नकळत शिवलिंगावर पडतात. हरिणी येते, जीवदान मागत नाही, वेळ मागते; पिलांची व्यवस्था लावून परत येईन म्हणते. एकामागून एक सारी येतात, वचन देतात आणि पहाटे खरोखरच परत येतात. तेव्हा व्याधाच्या हातून धनुष्य गळते. आकाशात मृगनक्षत्र आणि त्याच्यामागे तो तेजस्वी व्याधाचा तारा पाहिला की ही गोष्ट आठवते.

ख्रिस्ती परंपरेतही अशीच एक कथा आहे. संत ह्यूबर्ट हा पुढे लिएजचा बिशप झाला आणि इ. स. 727 मध्ये वारला. तारुण्यात त्याला मृगयेचा नाद इतका की, कथा सांगते, पवित्र शुक्रवारीही तो रानात गेला. तेथे काळविटासारखा शिंगाळ नर त्याच्याकडे वळून उभा राहिला, आणि त्याच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला. ह्यूबर्ट घोड्यावरून उतरला आणि गुडघे टेकले. नवल असे की, युरोपातले शिकारी याच संताला आपला पालक मानतात आणि 3 नोव्हेंबरला त्याचा सण पाळतात.

दोन धर्म, दोन भूखंड, पण गोष्टीचा गाभा एक. दोन्ही ठिकाणी शिकाऱ्याला कोणी उपदेश केलेला नाही. तो थांबला, त्याने हरणाकडे नीट पाहिले, आणि पाहण्यामुळे तो बदलला. जो मनुष्य आठ तास निश्चल बसतो, त्याला रान आपले अंतरंग दाखवू लागते. हातातले शस्त्र त्या वेळी सुटेलच असे नाही; परंतु सुटण्याची शक्यता अशाच वेळी असते. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या अरण्यात जाऊन राहिले ते पाहण्यासाठी, आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक मराठीला मिळाले.

मचाणाचेही तसेच झाले. महाराष्ट्रातील अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, पाणवठ्याकाठच्या मचाणांवर माणसे बसतात ती हाती कागद-पेन्सिल घेऊन. चांदण्यात पाण्यावर कोण आले, किती आले, हे टिपून ठेवायचे. आता खरी मोजदाद स्वयंचलित कॅमेऱ्यांनी व इतर शास्त्रीय पद्धतींनी होते, आणि मचाणावरची रात्र मुख्यतः नागरिकांना रानाची ओळख व्हावी यासाठी उरली आहे. तरीही ज्या जागी पूर्वी बंदुकीचा चाप ओढला जाई, त्या जागी पेन्सिल चालते, ही गोष्ट लहान नाही. दोराची विद्याही याच वाटेने गेली. 1970 च्या दशकात कोस्टा रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी गिर्यारोहकांचे दोर घेऊन उंच वृक्षांचे शेंडे गाठले. जमिनीवरून कधी न दिसलेले कीटक, फुले आणि परागीभवन यांचे एक वेगळेच जग त्यांना तेथे आढळले.

या विद्येतला सर्वांत मोलाचा धडा मात्र शिकारीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना गोळीपेक्षा झाडावरून पडण्याचे भय अधिक, हे त्यांना अनुभवाने कळले. त्यातून एक नियम निघाला: पाय जमिनीवरून उचलल्या क्षणापासून पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत माणूस कोठल्या तरी दोराला बांधलेला असलाच पाहिजे. फांदी ओलांडताना पहिला दोर सोडायचा असेल, तर दुसरा आधी बांधायचा. जाताना घरी सांगून जायचे, आणि टांगलेल्या स्थितीत अडकल्यास पाय टेकायला एक फास जवळ ठेवायचा. कारण पट्ट्यात निश्चेष्ट लोंबकळत राहणे हेही रक्ताभिसरण थांबवून जिवावर बेतू शकते.

हा नियम आपल्या नीरावाल्याला कोणी सांगितला आहे? त्याच्याजवळ दोर एकच. तो झिजला, तुटला किंवा दवाने ओल्या खोडावरून पाय निसटला, तर त्याला धरणारे दुसरे काहीही नाही. वसईपासून गोव्यापर्यंत माडावर चढणारा भंडारी, डोंगरकड्यावरचे मध उतरविणारा आदिवासी, रस्त्याकडेची झाडे छाटणारा नगरपालिकेचा कामगार, यांची कथा वेगळी नाही. केरळात माडावर चढणारे मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने 2011 साली तरुणांना यंत्राच्या व सुरक्षा-पट्ट्याच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देण्याची योजना काढली. स्त्रियाही त्यात शिकल्या. जे नारळासाठी होऊ शकले ते शिंदीसाठी होण्यास हरकत कोणती? किलोभर वजनाचा पट्टा, एक जादा दोर, एक गाठ आणि दोन दिवसांचे शिक्षण एवढीच तर ही सामग्री आहे.

शेवटी रानातलीच एक गोष्ट सांगून हे भाषण संपवू. चितळांचा कळप चरत असतो त्या झाडावर पुष्कळदा वानरे बसलेली असतात. वानरे खाताना पाला आणि फळे खाली सांडतात, ती चितळांना मिळतात. उंचावरून वानराला दूरवर दिसते; बिबट्या दिसला की ते खेकसते आणि चितळे उधळतात. चितळाचे नाक तिखट, त्याला आधी चाहूल लागली तर त्याच्या हाकेने वानरे सावध होतात. झाडावर बसणारा नेहमी मारायलाच बसतो असे नाही. राखण करायलाही तो बसू शकतो, हे वानराला केव्हाच कळलेले आहे.

यापुढे एखाद्या पहाटे सुरतेच्या रस्त्यावर थंडगार नीरेचा पेला हाती येईल, तेव्हा शेंड्याजवळ एका दोरावर रेललेल्या माणसाची आठवण व्हावी. त्याच्या कमरेला दुसरा दोर असावा, ही इच्छा फार मोठी नाही.